थट्टेची मर्यादा

एकाच कचेरींत दिवसाचे आठ तास काढणाऱ्या माणसांत थट्टामस्करी चालावयाचीच. कोणाच्या डब्यांतील रोजच्या कारल्यावर, कोणाच्या रोज चुकणाऱ्या गाडीवर एखादी कोटी झाली, हंशा पिकला, म्हणजे कामाचा शीण हलका होतो. जेथें कोणी कोणाची थट्टाच करीत नाहीं, तेथें मनेंहि फारशीं जुळलेलीं नाहींत असें खुशाल समजावें.

थट्टेला नातें लागतें, हें आमच्या वाचकांच्या घरांना सांगावयास नको. दीर-भावजयींची थट्टा शिष्टसंमत. तीच सासऱ्यानें सुनेची केली तर कोणासहि रुचणार नाहीं. रॅडक्लिफ-ब्राऊन या इंग्रज मानवशास्त्रज्ञानें १९४० सालीं अशा नात्यांवर एक निबंध लिहिला. एकानें खोडी काढावी व दुसऱ्यानें राग मानूं नये, अशी रूढीनेंच दिलेली ती मुभा असते, असें त्याचें म्हणणें. त्यानें यांत दोन प्रकार सांगितले: एकांत दोघेहि परस्परांची थट्टा करतात, दुसऱ्यांत एकानें करावयाची व दुसऱ्यानें मुकाट्यानें सोसावयाची. कचेरींतील पुष्कळ मनस्तापांचें मूळ या दुसऱ्या प्रकारांत आहे, असें आम्हांस वाटतें.

साहेब कारकुनाच्या गांवाकडील उच्चारांची नक्कल करतात. सारे हंसतात, कारकूनहि हंसतो. परंतु उद्यां त्याला साहेबांची नक्कल करतां येईल काय? येत नसेल, तर त्याचें हंसणें हा त्याच्या नोकरीचाच एक भाग झाला. पुढें तो डबा घेऊन निराळा बसूं लागतो, आणि मंडळी म्हणतात, "त्याला विनोदच कळत नाहीं!" उच्चार, व्यंग, वर्ण, आडनांवावरून ओळखलेली जात, यांवरील कोट्या तर बरोबरीच्यांतहि वर्ज्य मानाव्या, या गोष्टी कोणी निवडून घेतलेल्या नसतात.

नाट्यशास्त्रांत हास्याचे सहा प्रकार सांगून स्मित व हसित हीं उत्तम प्रकृतीचीं, तर अपहसित व अतिहसित हीं अधमांचीं मानिलीं आहेत. ही प्रतवारी हंसणाऱ्याची झाली. कचेरींत मात्र ज्याला हंसावयाचें, त्याच्या तोंडाकडे आधीं पाहावें.

स्त्रियांच्या बाबतींत हा प्रश्न नुसत्या शिष्टाचाराचा राहिलेला नाहीं. २०१३ च्या कायद्यानें कामाच्या ठिकाणीं स्त्रीला नकोसें असलेलें लैंगिक स्वरूपाचें बोलणेंहि छळांत गणिलें आहे, व दहा किंवा अधिक माणसें काम करीत असतील तेथें तक्रार-समिति नेमणें बंधनकारक केलें आहे. 'नकोसें' हा शब्द ध्यानांत घ्यावा. "आम्ही गंमतीनें म्हटलें" ही सबब त्यापुढें लंगडी पडते.

घरांतील वडील मंडळींनाहि यांत थोडें कर्तव्य आहे. मुलगा किंवा सून कामावरून येऊन "आज सगळे मला हंसले" असें सांगूं लागली, तर "एवढें काय मनावर घ्यायचें!" असें म्हणून विषय मिटवूं नये. "मग तूं त्यांना उलट काय म्हणालास?" एवढेंच विचारावें. उत्तर हंसत आलें, तर काळजीचें कारण नाहीं. उत्तरच आलें नाहीं, तर मात्र जवळ बसून सारें ऐकून घ्यावें.