दातांची झिलई आणि तोंडाचे आरोग्य

लग्नसराई जवळ आली म्हणजे सराफकट्ट्यावर व कापडबाजारात जशी गर्दी उसळते, तशी ती अलीकडे दंतवैद्यांच्या दवाखान्यांतही दिसू लागली आहे. वर्षानुवर्षे पान, तंबाखू, विडी व चहा यांनी रंगलेले दात चार दिवसांत शुभ्र करून मिळावेत, अशी मागणी घेऊन लोक येतात. दात साफ करवून त्यांस झिलई देववितात, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरून कोपऱ्यावरील टपरीपाशी पुन्हा उभे राहतात. आपले दात स्वच्छ असावेत असे लोकांस वाटू लागले, ही गोष्ट आम्हांस सर्वथा इष्ट वाटते. परंतु स्वच्छता आणि चकाकी या दोन भिन्न वस्तू होत. दुसरीचे मोल देऊन पहिली पदरी पडल्याचे समाधान मानणे हा बुडीत खात्याचा व्यवहार आहे, हे आमच्या व्यापारी वाचकांस निराळे समजावून सांगावयास नको.

दातांवरील डाग एका जातीचे नसतात. चहा, कात, तंबाखूचा धूर यांचे डाग दातांच्या पृष्ठभागावर बसतात. ते घासून निघतात. दुसरे डाग दाताच्या अंगातच मुरलेले असतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत. तिसरी वस्तू म्हणजे कीटण. दातांवर जंतूंचा जो चिकट थर रोज साचतो, तो वेळीच काढला नाही तर लाळेतील क्षारांमुळे दगडासारखा घट्ट होतो. खालच्या पुढल्या दातांच्या आतील बाजूस व वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस तो विशेष जमतो, कारण लाळग्रंथींची मुखे तेथेच उघडतात. कीटण हिरडीखाली शिरले म्हणजे हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, आणि पुढे दाताचा आधार असलेले हाडच झिजू लागते. डाग हा दिसण्याचा दोष आहे, कीटण हे रोगाचे घर आहे. परंतु मनुष्य आरशापुढे उभा राहून दुःख करतो ते डागाचेच!

दंतवैद्याच्या कामातही हाच भेद आहे. प्रथम हत्यारांनी अथवा सूक्ष्म कंपने देणाऱ्या यंत्राने कीटण खरवडून काढतात. हे खरे औषध होय. त्यानंतर फिरत्या रबरी वाटीत बारीक पूड घेऊन दात उजळतात. ही झिलई होय. पूर्वी ती सरसकट सर्व दातांस देत असत. परंतु प्रत्येक झिलईबरोबर दाताच्या कवचाचा अगदी पातळ का होईना, पण थर जातो, हे ध्यानी आल्यावर जेथे डाग असेल तेथेच ती द्यावी, असा विचार या शास्त्रात रूढ झाला. तेव्हा ‘दात किती चमकले?’ या प्रश्नावरून दंतवैद्याची परीक्षा करणाऱ्या गिऱ्हाइकाने आपला प्रश्नच बदलला पाहिजे. कीटण काढविल्याने दात हलू लागतात, अशी जी समजूत घरोघर आहे, तीही निराधार आहे. दात कीटणाने हाड खाल्ल्यामुळे आधीच सैल झालेले असतात. मधला दगड निघाला म्हणजे ती सैलता कळते, इतकेच. गळक्या भिंतीचा गिलावा काढला आणि आतील पोकळी दिसली, तर दोष गवंड्यास देऊ नये.

दवाखान्याबाहेर जे प्रकार चालतात, ते याहून घातक आहेत. राख, मीठ, कोळशाची पूड, विटेचा भुगा, गेरू मिसळलेली तांबडी पूड यांनी जोरजोराने दात घासणारे लोक आजही थोडे नाहीत. आणि हाच कोळसा आता सुंदर डबीत भरून चढ्या भावाने विकला जात आहे. काहीजण लिंबू व सोड्याचे प्रयोग करतात. दाताचे वरचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ खरा. पण तो आम्लाने विरघळतो, घर्षणाने झिजतो, आणि हाड जसे भरून येते तसा तो कधीही भरून येत नाही. पूर्वी युरोपातील न्हावी तेजाब लावून गिऱ्हाइकांचे दात पांढरे करीत. दात काही काळ शुभ्र दिसत आणि मग नाश पावत. या कवचाखाली जो भाग असतो तो मूळचाच पिवळसर असतो. म्हणजे पांढरेपणाच्या हव्यासाने जो दात अति घासतो, तो अखेरीस पिवळेपणाच पदरी पाडून घेतो.

अंगातच मुरलेल्या डागांविषयी तर आमच्या समाजाने अधिक विवेक दाखविला पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इत्यादी जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, आणि दुसरे पाणीच नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी लहानपणी पोटात गेले म्हणजे हिरडीखाली घडत असलेल्या दातांवर पांढरे व तपकिरी पट्टे उमटतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावच्या अशाच डागांचा शोध फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१ पासून घेतला, आणि दोष पाण्यातील फ्लोराइडचा आहे हे १९३१ साली सिद्ध झाले. विहिरीचा दोष मुलीच्या माथी मारून तिला ‘घाणेरड्या दातांची’ म्हणून नाकारणारे वरपक्ष आमच्यात आहेत, ही लाजेची गोष्ट आहे. तेथे गरज झिलईची नसून शुद्ध पाण्याच्या नळाची आहे.

आता सर्वांत नाजूक विषयाकडे वळू. मिश्री ही आमच्या घरातील वस्तू आहे. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजावी, कुटावी, आणि बोटाने दातांस व हिरड्यांस लावावी, हा प्रघात महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आरंभ बहुधा दाढदुखीने होतो. तंबाखूने हिरडी क्षणभर बधिर होते, दुखणे थांबल्यासारखे वाटते. पुढे दुखणे राहते बाजूला आणि तलफ मात्र कायम होते. आजीच्या डबीतून आईकडे व आईकडून पोरीकडे हे ‘दंतमंजन’ जाते. जी वस्तू दात साफ करण्यासाठी म्हणून घरात आली, तीच दात काळे करते आणि हिरड्यांचा नाश करते. तोंडात धरण्याची तंबाखू मनुष्यास कर्करोग करते, हे आज निःसंशय ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीसही त्याच वर्गात घातले.

‘आमची आजी ऐंशी वर्षे मिश्री लावीत होती, तिला काय झाले?’ असा सवाल यावर हटकून येतो. वादळातून एक गलबत सुखरूप परत आले म्हणून वादळ निरुपद्रवी ठरत नाही. बुडालेल्या गलबतांची माणसे साक्ष देण्यास येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. तंबाखू घातलेली दंतमंजने व पेस्ट बनविण्यास व विकण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती उचलून धरली. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकणे हा गुन्हा ठरला. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. परंतु स्वयंपाकघरातील तव्यापर्यंत सरकारचा हात पोहोचत नाही. तेथे ज्ञानच पोहोचले पाहिजे.

ते पोहोचविण्याचा मार्गही नवा नाही. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट गावी आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने १९१३ साली दंतस्वच्छता करणाऱ्या स्त्रियांची शाळा काढली, आणि त्या स्त्रियांस गावच्या शाळांत धाडले. त्यांनी मुलांचे दात साफ केले, आणि ते साफ कसे ठेवावेत हेही शिकविले. आमच्याकडील १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातही याच दोन कामांचा एकत्र उल्लेख होता: दात खरवडून साफ करणारा व त्यांस झिलई देणारा, अथवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देणारा, अशी दंतस्वच्छताकाराची व्याख्या त्यात केली होती. या दोहोंपैकी झिलईचा बाजार तेवढा भरभराटला. शिक्षणाचे दुकान कोणी मांडले नाही, कारण त्यात नफा नाही.

यास्तव आमचे म्हणणे थोडक्यात असे. दंतवैद्यांनी झिलईबरोबर दोन शब्द बोलावेत, आणि तोंड उघडलेले आहे तोवर गाल व जीभ तपासून पांढरा चट्टा अथवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसतो काय, हे अवश्य पाहावे. नगरपालिकांनी आपल्या दवाखान्यांत गरिबांचे कीटण अल्प खर्चात काढण्याची सोय करावी, व शाळांतून वर्षातून एकदा मुलांचे दात पाहावेत. दुकानदारांनी पोरांच्या हाती तंबाखूची पुडी देऊ नये. त्या चार पैशांच्या नफ्यावर कोणाचीही पेढी आजवर उभी राहिलेली नाही. आणि गृहस्थांनी आपल्या घरातील मिश्रीची डबी लपवून न ठेवता तिच्याविषयी बोलावे. आई-बहिणींवर रागावून नव्हे, तर त्यांची दुखरी दाढ दंतवैद्यास दाखवून.

एके काळी दातवण लावून दात काळे करणे हे स्त्रियांचे भूषण समजले जात असे. ती चाल गेली, तरी आमची धर्म-संस्कृती बुडाली नाही. मिश्री गेल्यानेही ती बुडणार नाही. दात शुभ्र दिसावेत ही इच्छा निंद्य नाही. परंतु ज्या सवयीने दात काळे झाले ती सोडल्यावाचून त्यांवर पैसा खर्चणे म्हणजे छप्पर गळते ठेवून भिंतीस रंग देणे होय. सुज्ञ वाचकांनी प्रथम छप्पर शाकारावे.