ज्यांचं नाव आपणच घेत नाही

उमरीत बॉब मार्लेचा चेहरा छापलेला टी-शर्ट घातलेली पोरं दिसतात. हा कोण, असं विचारलं तर उत्तर येतं, "गांजावाला गायक, सर." रेगे म्हणजे गांजा, ही समजूत मोठ्यांचीही आहे. त्यांनी जमैकाच्या बर्निंग स्पिअरचा 'मार्कस गार्वी' हा 1975 सालचा अल्बम एकदा ऐकावा.

गार्वी हे काळ्या लोकांचे पुढारी. 1887 साली जमैकाच्या सेंट ॲन भागात जन्मले, 1940 साली लंडनमध्ये वारले. त्याच सेंट ॲनच्या या गायकाने पस्तीस वर्षांनी त्यांचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं आणि गुलामीचा काळ विसरू नका, असं आपल्याच माणसांना बजावलं. त्याचा रास्ताफारी पंथ आपला नाही. पण एकच नाव घोळवत राहिल्याने काळजात काय होतं, हे जिक्र करणाऱ्याला सांगायला नको. या अल्बममध्ये इबादत कुठे संपते आणि राजकारण कुठे सुरू होतं, ते दाखवता येत नाही. त्याची ताकद तीच.

आता आपलं बघा. लातूर जिल्ह्यापासून जवळच बार्शी. तिथे 1916 साली मेहबूब हुसेन पटेल जन्मले, तेच शाहीर अमर शेख. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानं दणाणली. 1969 साली ते गेले. त्यांचं नाव आपल्या किती घरांत निघतं?

"ते कम्युनिस्ट, आपले कसले?" असं आपलेच लोक म्हणतात. दुसरे म्हणतात, "गाणं-बजावणं हराम." संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याला ऐकायचं नाही त्याने ऐकू नये. पण नाव घ्यायला मनाई कुणी केली?

कुणी "मुसलमान असून मराठी छान बोलता" म्हटलं की आपण ओशाळून हसतो आणि घरी येऊन कुढतो. जमाना आपल्याला विसरला, ही तक्रार करायचा हक्क आधी कमवावा लागतो. आपला शाहीर आपणच विसरलो असू, तर दुसऱ्याने का लक्षात ठेवावा?

येत्या 1 मेला आपल्या मुलांना एवढंच सांगा: हा महाराष्ट्र मागणाऱ्यांत एक शेख होता, आणि तो मराठीत गात होता.