फाटकापाशी संपणारा विमा

मंडईत जोखीम म्हणजे काय, हे कुणाला शिकवावे लागत नाही. सकाळी ताठ मानेने भाव सांगणारी मेथी दिवेलागणीला नरम पडते, ती काही विक्रेत्याच्या मनात एकाएकी दया उपजते म्हणून नव्हे. रात्रीत पाला पिवळा पडण्याचा धोका त्याला स्वतःच्या टोपलीतून आपल्या पिशवीत ढकलायचा असतो आणि त्या धोक्याचे मोल म्हणून तो भाव उतरवतो. धोका कुणी घ्यायचा आणि किती पैशांना घ्यायचा, या दोन प्रश्नांवरच सारा बाजार उभा आहे. विमा हा व्यवहार तरी याहून वेगळा कुठे आहे? आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांवर 'जोखमी हुंडी' चालत असे. माल सुखरूप पोचला तरच ती वटायची. वाटेत गलबत बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. अर्थात तो या जोखमीचे मोल आधीच कापून घेई. मात्र कुठला माल आणि कुठून कुठे जाणार, हे आधी ठरलेले असे. न ठरलेल्या प्रवासाची जोखीम कुणी शहाणा सराफ घेत नसे.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे आपल्या दारातली मोटार. रविवारी सकाळी महात्मा फुले मंडईपाशी ती लावायला जागा शोधणे हा पुणेकरांचा साप्ताहिक व्यायाम आहे. २०२४ च्या सप्टेंबरात मंडईला भुयारी मेट्रो आली तरी तो पुरता सुटलेला नाही. तिथे कुणी मोटारीला खरवडले, आग लागली किंवा ती चोरीला गेली तर विमा आहे. आता हीच मोटार पुढच्या रविवारी घरातला तरुण मुलगा शर्यतीच्या ट्रॅकवर घेऊन गेला तर? मोटार तीच, पॉलिसी तीच, हप्ताही वेळेवर भरलेला. तरीही ट्रॅकच्या फाटकातून आत शिरताक्षणी तो विमा बहुधा बाहेरच उभा राहतो. ही गोष्ट घरात फार थोड्यांना ठाऊक असते.

हौस नवी, कलम जुने

'ट्रॅक डे' म्हणजे काय, ते आधी पाहू. शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर ठरावीक शुल्क भरून आपली स्वतःची मोटार हवी तितक्या वेगाने चालवायची. समोरून वाहन येत नाही, पादचारी नाही, सिग्नल नाही. बक्षीसही नाही. आपल्या देशात अशा जागा मोजक्याच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासून आहे, कोइमतूरचा 'कारी' त्यानंतरचा आणि २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे जिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तो 'बुद्ध' सर्किट ग्रेटर नोएडात. आपल्या जिल्ह्यातही अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या वेगाचे 'व्हॅली रन'सारखे कार्यक्रम झालेले आहेत. पुण्यामुंबईचे हौशी तरुण हजार-हजार किलोमीटर मोटार हाकत दक्षिणेत जातात, दोन दिवस ट्रॅकवर घालवतात आणि सोमवारी त्याच मोटारीने कचेरी गाठतात.

आता कपाटातली पॉलिसी काढा. खासगी मोटारीच्या विम्यात 'वापराच्या मर्यादा' असा एक परिच्छेद असतो. मोटार कुठल्याही कामासाठी वापरा, फक्त काही गोष्टी सोडून, असे तो सांगतो. त्या सोडलेल्या गोष्टींत भाड्याने देणे आहे, मालवाहतूक आहे आणि त्यांच्याच रांगेत संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि टिकाऊपणाची चाचणी हेही शब्द आहेत. या मर्यादांबाहेर मोटार वापरली जात असताना जे काही घडेल, त्याला कंपनी बांधील नाही, असे पुढे सामान्य अपवादांत स्पष्ट लिहिलेले असते. हा अपवाद साऱ्या पॉलिसीला लागू असल्याने मालक-चालकाचा १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमाही त्यात सापडतो.

यावर तरुणांचा युक्तिवाद ठरलेला असतो. "आम्ही शर्यत लावलीच नव्हती. क्रमांक नव्हते, चषक नव्हता." युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण आयोजकाने वेळा मोजल्या असतील, फेरीगणिक सेकंदांचा तक्ता लावला असेल, तर 'वेगाची चाचणी' या शब्दांतून सुटणे कठीण आहे. आणि वाद घालायला ग्राहक आयोगापुढे वर्षानुवर्षे उभे राहायची तयारी असली, तरी मोडकी मोटार तोवर गॅरेजमध्येच पडून राहणार.

उफराटा न्याय?

इथे एक विसंगती मनाला टोचते. १९ मे २०२४ च्या उत्तररात्री कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या दिवसांत शहरभर एकच वाक्य ऐकू येत होते, "वेगाची एवढी हौस असेल तर ट्रॅकवर जा ना!" अगदी खरे आहे. पण जो हा सल्ला मानून खरोखरच ट्रॅकवर जातो, त्याच्या मोटारीचा विमा उडतो. आणि जो द्रुतगती मार्गावर सर्वांच्या जिवाशी खेळत मर्यादेबाहेर वेग घेतो, त्याने मद्य घेतलेले नसेल आणि परवाना खिशात असेल, तर निव्वळ वेगापायी त्याच्या मोटारीचा दावा फेटाळला जात नाही. शहाण्याला दंड आणि बेफिकिराला संरक्षण, असा हा न्याय वाटतो.

पण विम्याचे गणित समजून घेतले, तर कंपनीला एकतर्फी दोष देता येत नाही. विमा म्हणजे अनेकांनी मिळून भरलेली भिशी. शाळेत शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा मंडईला मोटार नेतात. त्यांच्या हप्त्यातून, तासाला दीडशेच्या वेगाने वळण चुकलेल्या मोटारीची भरपाई का व्हावी? मोटारीचा वेग साठावरून एकशेवीसवर गेला की तिच्यातली आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. शिवाय घरगुती मोटारीचे ब्रेक या कामासाठी घडवलेले नसतात. चार-सहा फेऱ्यांत ते तापतात, ब्रेकचे तेल उकळू लागते आणि पायाखालची दांडी मऊ होते. ट्रॅक रस्त्यापेक्षा इतरांसाठी निर्धोक आहे. तिथल्या मोटारीसाठी मात्र नाही. म्हणून या जोखमीला सामान्यांच्या भिशीतून बाहेर ठेवणे रास्तच आहे. रास्त नाही ते एवढेच, की तिच्यासाठी वेगळी भिशी कुणी उघडलेली नाही.

हप्ता थांबत नाही

बँकेत मोटारकर्जाच्या टेबलावर काढलेल्या वर्षांनी मला एक सवय लावली : मोटार दिसली की ती कुणाची, हे आधी पाहायचे. आर.सी. बुकात बँकेचे नाव असते, पॉलिसीवरही असते. मोटार बँकेकडे नजरगहाण असते. समजा, बारा लाखांच्या मोटारीवर नऊ लाखांचे कर्ज घेतले, मुदत सात वर्षे, व्याज नऊ टक्के. महिन्याचा हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास बसतो. वर्षभर नेमाने हप्ते भरून झाल्यावरही मुद्दल आठ लाखांच्या वर उरलेले असते. त्या दिवशी मोटार ट्रॅकच्या कठड्यावर आदळून निकामी झाली आणि विमा नाकारला गेला, तर तारण संपले, कर्ज मात्र शाबूत. पुढची सहा वर्षे, नसलेल्या मोटारीचा हप्ता त्या घरातून जात राहणार. आणि जामीनदार म्हणून सही केलेले सासरे किंवा थोरले काका? त्यांना तर ट्रॅक कशाशी खातात, हेही ठाऊक नसते.

मोटारीपेक्षा माणूस मोलाचा, हे सांगायला नको. २०२३ च्या जानेवारीत चेन्नईच्या ट्रॅकवर ५९ वर्षांचे नाणावलेले मोटारपटू के. ई. कुमार यांचा शर्यतीत मृत्यू झाला. वैद्यकीय मदत जवळ होती, अनुभव आयुष्यभराचा होता. तेव्हा नवशिक्याने आरोग्य विम्याची पॉलिसीही उघडून पाहावी. २०१९ च्या नियामकाच्या प्रमाणित शब्दांनुसार, धाडसी खेळांत 'व्यावसायिक म्हणून' भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च वगळता येतो आणि त्या यादीत मोटार शर्यत आहे. म्हणजे हौशी माणसाला इथे जागा उरते. पण आपण हौशी आहोत, हे सिद्ध करण्याची वेळ इस्पितळाच्या खिडकीपाशी येऊ नये. वेगळ्या व्यक्तिगत अपघात पॉलिसींत शर्यतीचा अपवाद बहुधा सरसकट असतो.

शेजारी बसलेल्या मित्राचे किंवा ट्रॅकवरच्या दुसऱ्या माणसाचे काय? तिऱ्हाइताचा विमा कायद्याने सक्तीचा आहे तो 'सार्वजनिक जागी'. सार्वजनिक जागा कुठली, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८८ मध्ये उदार अर्थ लावला : लोकांना नियंत्रित का होईना, प्रवेश असेल, तर खासगी आवारही त्यात येऊ शकते. मात्र मोटार वाहन कायद्याचे आजचे कलम १५० विमा कंपनीला संघटित शर्यतीचा व वेगचाचणीचा बचाव घेऊ देते. थोडक्यात, जखमीच्या हाती पैसे येण्याआधी वकिलांची एक पिढी पोसली जाईल आणि शेवटी वसुलीचा कागद मालकाच्याच दारी यायची शक्यता मोठी. फाटकापाशी सही करून घेतला जाणारा 'माझी जबाबदारी माझ्यावर' हा कागद आयोजकाला वाचवण्यासाठी असतो, आपल्याला नव्हे.

म्हैस आडवी आली

अशा वेळी घरात एक कुजबुज सुरू होते. मोटार टो करून हमरस्त्यावर आणायची आणि 'म्हैस आडवी आली' असे सांगायचे. चांगल्या घरांतूनही हा सल्ला निघतो. हा सरळसरळ फसवणुकीचा गुन्हा आहे, हे तर झालेच. पण ती लबाडी टिकतही नाही. टायरवरची झीज सर्व्हेअरला वाचता येते, मोटारीतला संगणक वेग नोंदवून ठेवतो आणि मुलाच्या मित्रांनी तर चित्रफिती केव्हाच जगभर पाठवलेल्या असतात. दावा जातो, कंपनीच्या दप्तरी नाव काळे होते आणि मुलगा बापाकडून खोटे बोलायला शिकतो. यातले शेवटचे नुकसान सर्वांत महाग.

मग परदेशात काय करतात? ब्रिटनमध्ये एका दिवसापुरता ट्रॅकचा विमा मिळतो. नुकसानीतला पहिला मोठा वाटा, बहुधा ठरलेल्या किमतीच्या दहावा हिस्सा, मालकाने सोसायचा आणि उरलेला कंपनीने. जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगचा वीस किलोमीटरहून लांब जुना मार्ग ठरावीक दिवशी टोल भरून कुणालाही खुला असतो. पण कठडा वाकवला तर त्याचे बिल चालकाच्या हाती पडते. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने, शेतावरच्या आवारातल्या ट्रॅक्टरने शिडीवरच्या स्लोव्हेनियन मजुराला धक्का दिल्याच्या खटल्यात, खासगी जागेतही वाहनाचा विमा हवा, असा निकाल दिला. त्यामुळे शर्यतींचा खेळच बंद पडेल, अशी ओरड झाली. ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा करून तो अर्थ आपल्यापुरता पुसून टाकला. युरोपीय संघाने आयोजकाचा पर्यायी विमा असेल तर शर्यतींना सूट दिली. दोन्हीकडे प्रश्न टाळला मात्र गेला नाही.

आपल्याकडे मोटार रॅलीसाठी जादा हप्ता घेऊन पॉलिसी वाढवण्याची पुरवणी जुन्या मोटार दरपत्रकातच होती. पण तीही शर्यत आणि वेगचाचणी वगळूनच. २०२२ च्या जुलैत नियामकाने किती किलोमीटर चालवता, कसे चालवता यानुसार हप्ता ठरवायला परवानगी दिली. मोटारीच्या वापराचे एवढे बारीक मोजमाप करता येत असेल, तर एका दिवसाचा, जबर स्वहिश्श्याचा ट्रॅक विमा विकायला हरकत कसली? आयोजकांनीही सहभागींचा सामूहिक अपघात विमा प्रवेशशुल्कातच धरावा. वेग रस्त्यावरून ट्रॅकवर जावा, असे आपल्याला खरोखर वाटत असेल, तर ट्रॅककडे जाणारी वाट आपणच काटेरी ठेवून चालणार नाही.

तोवर काय करायचे? विमा कंपनीला तारीख आणि जागा कळवून लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. एजंटाचे तोंडी 'होऊन जाईल' हे आश्वासन दाव्याच्या वेळी कामी येत नाही. रुग्णवाहिका व डॉक्टर फाटकाच्या आत आहेत का आणि मोठे इस्पितळ किती दूर आहे, याची आयोजकाकडे चौकशी करावी. शिकायचेच असेल, तर प्रशिक्षण संस्थेची मोटार वापरावी आणि तिच्या नुकसानीची अटही वाचावी. आणि स्वतःचीच न्यायची असेल, तर एक साधी कसोटी लावावी : उद्यापासून ही मोटार नाही, असे धरून आपला संसार चालतो का? कर्ज फिटलेले असेल आणि उत्तर 'हो' असेल, तर खुशाल जावे.

मात्र ते उत्तर एकट्याने द्यायचे नाही. जी जोखीम कंपनी घेत नाही, ती हवेत विरून जात नाही. ती बायकोच्या, आईवडिलांच्या, जामीनदाराच्या डोक्यावर त्यांना न विचारता जाऊन बसते. जोखमी हुंडी घेणाऱ्यालासुद्धा आपण काय घेत आहोत, ते आधी सांगितलेले असे. घरच्यांना निदान तेवढा मान मिळायला हवा.