भेंडी बाजारात टॉवर आले, खोलीवरच्या पोरांचं काय?

साखरखेर्ड्यातून मुंबईला कामाला गेलेला पोरगा आधी कुणाच्या तरी खोलीवर उतरतो. भेंडी बाजार, डोंगरी, नागपाडा इथल्या खोल्यांनी बाहेरगावच्या कित्येक पिढ्या अशाच सांभाळल्या. आता त्या खोल्याच पडू लागल्यात, म्हणून हा प्रश्न गावातल्या घरांचाही आहे.

भेंडी बाजारात सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून पुनर्विकास हाती घेतला. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं, १,२५० दुकानं. पात्र भाडेकरूला किमान ३५० चौरस फुटांचं मालकीचं घर मोफत मिळतं.

पुनर्विकास नकोच, असं आम्ही म्हणणार नाही. मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मग मालकांनी दुरुस्तीतून अंग काढलं आणि इमारती खंगत गेल्या. ३१ ऑगस्ट २०१७ ला याच भागातली हुसैनी इमारत कोसळली, तीसहून जास्त माणसं गेली. पडक्या भिंतीखाली लेकरं झोपवायची का?

खरी मेख आहे ती 'पात्र' या शब्दात. ज्याच्या नावाची भाडेपावती, त्याला घर. पोटभाडेकरू, दुकानातच झोपणारा कारागीर, कॉटवर राहणारा गावाकडचा पोरगा यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. शिवाय खर्च काढायला जादा फ्लॅट बाजारभावाने विकले जातात. तिथे पैसेवाली माणसं येतात, आजूबाजूचं भाडं चढतं, आणि स्वस्त खानावळीला जागा परवडत नाही. कुणी हाकलत नाही, पण गरीब माणूस आपोआप बाहेर पडतो.

दुसरा घोळ घरातलाच. १९९२-९३ च्या दंगलीनंतर कित्येक कुटुंबं मुंब्र्याला गेली; काही ठिकाणी अब्बा जुन्या खोलीतच राहिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर पहिला हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाचा. तसं कुणी नसेल तरच बाकी वारसांचा विचार. इथेच भावाभावांत कज्जे लागतात. आधी बोलून घेतलं तर कोर्टाची पायरी टळेल.

याच कायद्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी करार नसेल, तर वादात भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे आपल्या पोरांना माहीतच नसतं.

इमारतीला नोटीस लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. या जुम्म्याच्या नमाजनंतर मुंबईला फोन लागेल, तेव्हा खैरियत विचारून झाल्यावर एवढं विचारा: पावती कुणाच्या नावावर आहे, आणि ती ठेवलीय कुठे?