तीस सेकंदांचा विटाळ

विहारातल्या रविवारच्या बालवर्गात सध्या आम्ही मुलांना एक कादंबरी मराठीत सांगत आहोत. तिचे नाव 'वंडर'. आर. जे. पलासिओ या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २०१२ साली आली, २०१७ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. तिचा नायक ऑगी हा न्यूयॉर्कचा दहा वर्षांचा मुलगा. जन्मापासून त्याच्या चेहऱ्याची हाडे नीट घडलेली नाहीत. सत्तावीस शस्त्रक्रिया झाल्या, ऐकूही कमी येते. आजवर आईने घरीच शिकवले, आता तो पहिल्यांदा शाळेत, पाचवीच्या वर्गात जातो.

शाळेतली मुले एक खेळ काढतात. ऑगीला चुकून हात लागला तर तीस सेकंदांत हात धुवायचे, नाहीतर 'प्लेग' होतो. हा भाग सांगितला तेव्हा आठवीतला एक मुलगा पटकन म्हणाला, "ताई, हा तर विटाळच!"

बरोबर ओळखले त्याने. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसणारे, नळाला हात लावायची बंदी असलेले भीमराव आपल्या प्रत्येक मुलाला माहीत आहेत. दोष त्या मुलात नव्हता, त्याला दूर बसवणाऱ्यांत होता. ऑगीचेही तेच आहे.

मग मी विचारले, "आपल्या वस्तीत हा खेळ कोण खेळतो?" सगळे गप्प. लंगड्या, बहिऱ्या, तोतऱ्या अशा हाका आपल्याच गल्लीत ऐकू येतात. लग्नकार्यात अपंग मुलाला आतल्या खोलीत ठेवणारी घरे आपल्यातही आहेत. ज्यांनी विटाळ सोसला, त्यांच्या घरात तो दुसऱ्या रूपाने राहावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

याच्या मुळाशी जुनी समजूत आहे. मूल फाटलेल्या ओठाचे जन्मले की कोणी म्हणते, ग्रहणात आईने विळी हातात घेतली. कोणी म्हणते, मागच्या जन्मीचे पाप. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली. गरीब, दुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि शासनाला झटकता यावी, एवढाच तिचा उपयोग, असे त्यांनी दाखवून दिले. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात आईच्या माथी हा दोष मारणे शोभत नाही.

या समजुतीमुळे उपचाराची वेळही निघून जाते. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात, टाळूची वर्षभराच्या आसपास. टाळू दुभंगलेल्या मुलाचे कान वारंवार दुखतात, ऐकणे कमी होऊ शकते, म्हणून कानाची तपासणी हवीच. वाकड्या पावलांचे उपचार तर जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या दिवशी मूल लपवू नका, पुढे करा. उपचार मोफत आहेत.

पण उपचाराने सगळे बरे होतेच असे नाही. 'हायडी' या जुन्या कादंबरीत चाकाच्या खुर्चीतली क्लारा शेवटी चालू लागते. जे मूल कधीच चालणार नाही, त्याने ते ऐकून काय समजायचे? 'वंडर' मला म्हणूनच आवडते. ऑगीचा चेहरा शेवटपर्यंत तसाच राहतो, बदलतात ती भोवतालची मुले. पहिल्याच दिवशी समर नावाची मुलगी त्याच्या टेबलावर येऊन जेवायला बसते. सहभोजनाचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

एक तक्रार मात्र आहे. शेवटी ऑगीला पदक मिळते, सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते. कादंबरी सांगते, दयाळू व्हा. आपण तेवढ्यावर थांबू नये. बाबासाहेबांनी आपल्याला दया मागायला शिकवले नाही, हक्क मागायला शिकवले. अपंग मुलाला शाळेत बसण्यासाठी शूरवीर का व्हावे लागावे? २०१६ च्या कायद्याने त्याला कोणताही भेदभाव न होता शाळेत प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत आहे.

म्हणून ही गोष्ट मुलांना सांगताना "बिचारा ऑगी" म्हणू नका. विचारा, त्याला कोणी अडवले? आपल्या गल्लीत कोण घरात बसून आहे? आमच्या मुलांनी उत्तर शोधले, तेव्हा आमच्याच विहाराच्या सहा पायऱ्या निघाल्या. खुर्चीत बसणारी एक मुलगी त्यामुळे बालवर्गाला कधी आलीच नव्हती. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी तिथे उतार बांधायचे ठरले आहे. तुमच्या विहाराच्या पायऱ्या किती आहेत, एकदा मोजा.

जय भीम!