बिचाऱ्या सूर्यावर आळ

‘पृथ्वी तापते ती सूर्यामुळे’ हे पत्र वाचले. सूर्यच जास्त तापला असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचे स्थितांबर थंडावते आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास असेच होईल, हे हवामानशास्त्रज्ञ मानाबे आणि वेदरल्ड यांनी १९६७ सालीच गणिताने दाखवले होते.

‘हवेतला ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड काय करणार?’ हा त्या पत्रातला टोलाही फसवा. हवेत ९९ टक्के असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीतून निघणारी अवरक्त किरणे जवळपास शोषतच नाहीत. अडवतात ते बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन. राहिला सूर्य. १९७८पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात वाढ नाही.

– एक वाचक, सातारा