रात्री बंद असणारी वेबसाइट

वेबसाइट रात्री बंद ठेवता येते, ही कल्पना मला आर्कान्सा या अमेरिकी राज्याने दिली. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने मेडिकेडवरच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यावरच्या काही प्रौढांना अट घातली: महिन्याला ८० तास काम करा आणि तसं कळवा. सुरुवातीला कळवायचं ते फक्त ऑनलाइन. आणि साइट रोज रात्री नऊ ते सकाळी सात बंद! दिवसभर राबून रात्री जरा टेकणाऱ्याने करायचं काय? काही महिन्यांत अठरा हजारांहून जास्त लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही अट थांबवली.

पात्रतेची एरवीची फेरतपासणी मात्र सगळ्याच राज्यांत चालते. उत्पन्न किती, घरात माणसं किती, राहता कुठे, हे पुन्हा पुन्हा विचारलं जातं. करोनाकाळात, मार्च २०२० नंतर, तिच्यावरून नावं काढणं थांबलं होतं. कोणाला काढायचं नाही या बोलीवर केंद्राने राज्यांना जास्तीचे पैसे दिले होते. एप्रिल २०२३ पासून राज्यांना पुन्हा नावं कमी करायची मुभा मिळाली आणि दीड वर्षाच्या आत अडीच कोटींच्या वर लोक योजनेबाहेर पडले. त्यांतल्या दहापैकी जवळपास सात जणांचं नाव गेलं ते कागदापायी. फॉर्म जुन्या पत्त्यावर गेला, परत आला नाही, आला तर अर्धवट भरलेला. यांचं उत्पन्न खरंच वाढलं होतं का, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

तपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. पैसा करदात्यांचा आहे. पण आपल्याकडे पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो उशिरा दिला तरी थकलेली पेन्शन हातात पडते. तिथे विमा तुटल्याचं औषधाच्या काउंटरवर कळलं, तर इन्सुलिन त्याच दिवशी हवं असतं.

शिवाय फॉर्म पाठवण्याआधी सरकारने स्वतःकडची नोंद बघावी, पगाराची माहिती जुळली तर परस्पर नूतनीकरण करावं, असा नियम तिथे आहेच. पण बऱ्याच राज्यांच्या संगणकांनी त्याचाही घोळ घातला. मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा आईबापांपेक्षा बरीच वर असते. तरीही संगणक माणूसवार न बघता अख्खं कुटुंब एकत्र तपासत होते. आईचा पगार थोडा वाढून ती बाहेर पडली, किंवा तिची माहिती जुळली नाही, की पात्र असलेलं मूलही अडकायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने हे उघड केलं, तेव्हा सुमारे पाच लाख जणांना, त्यांत बरीच मुलं, विमा परत द्यावा लागला. चूक सरकारी यंत्रणेची. पण तोवर दवाखान्याच्या बिलाची काळजी त्या आईनेच करायची.

ऑरेगॉनने यातून वेगळी वाट काढली. २०२२ मध्ये तिथे अशा योजनेला मंजुरी मिळाली: मूल सहा वर्षांचं होईपर्यंत विमा चालूच राहील, मधे विचारणा नाही.

देशाचा कायदा मात्र उलट्या दिशेने गेलाय. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यानुसार, ओबामांच्या काळातल्या मेडिकेडच्या विस्तारात आलेल्या प्रौढांची तपासणी २०२६ संपताच वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी होईल. सोबत यांतल्या अनेकांवर महिन्याला ८० तासांची अटही येते आहे. ती राबवायची आहे राज्यांनीच, ज्यांतल्या कित्येकांच्या संगणकांना आई आणि मूल वेगळं मोजता येत नव्हतं.